शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार कोणाला मिळतो? पेण-रोह्याच्या कबड्डीपटूंनी काय जपून ठेवायला हवं?

पेण आणि रोहा तालुक्यात कबड्डी माहीत नाही असं गाव सापडणं कठीण. रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात, विजेत्यांना चषक आणि रोख बक्षीस मिळतं, दुसऱ्या दिवशी रील व्हायरल होते. पण राज्याच्या क्रीडा सन्मानापर्यंत यातलं काय पोहोचतं?

पुरस्कार नेमका काय आहे?

शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार हा महाराष्ट्र शासनाचा खेळातला सर्वोच्च सन्मान. सुरुवात 1969-70 मध्ये झाली. खेळाडूंसोबत क्रीडा मार्गदर्शक, दिव्यांग खेळाडू आणि साहसी खेळांतल्या कामगिरीसाठीही तो दिला जातो. आयुष्यभराच्या योगदानासाठी जीवनगौरव आहे. 2023 मध्ये जीवनगौरवची रक्कम 5 लाख, तर इतर पुरस्कारांची 3 लाख रुपये झाली.

त्याखाली जिल्हा क्रीडा पुरस्कार येतो. त्यात गुणवंत खेळाडू आणि मार्गदर्शकांचा सत्कार होतो. रायगडकरांसाठी माहितीचं ठिकाण म्हणजे अलिबागचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय.

निवड कशी होते?

लोकप्रियता किंवा फॉलोअर्स इथे मोजले जात नाहीत. अधिकृत राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या कामगिरीला गुण मिळतात. कबड्डीतली वाट साधारण अशी: गावचा संघ, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, मग राष्ट्रीय स्पर्धा. गावच्या खुल्या स्पर्धेत कितीही बक्षिसं जिंकली तरी ती या हिशेबात येत नाहीत.

सन्मानाला उशीर होतो तेव्हा

खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1984 मध्ये त्यांचं निधन झालं आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. आता त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. ऑलिंपिक पदक विजेत्याला इतकी वाट पाहावी लागली, तर जिल्हा पातळीवरच्या खेळाडूची नोंद किती सहज हरवू शकते, याचा अंदाज येतो.

मग नोंद ठेवतं कोण?

इथे क्रीडा पत्रकारांचं काम दिसतं. वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये खेळाच्या पानाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी, खो-खो, कुस्तीलाही जागा दिली. 2023 मध्ये त्यांचं निधन झालं. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनामुळे क्रिकेट रेडिओवरून घरोघरी पोहोचलं. खेळाडूंचं नाव लोकांपर्यंत नेणाऱ्या या मंडळींसाठी शिवछत्रपती पुरस्कारात वेगळा गट मात्र दिसत नाही.

खेळाडूला याचा उपयोग काय?

सन्मानाइतकाच महत्त्वाचा प्रश्न नोकरीचा. महाराष्ट्रात 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पद जितकं वरचं, तितकी वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघड झाल्यामुळे कागद अस्सल असणं आणि त्याला अधिकृत नोंदीचा आधार असणं, दोन्ही गरजेचं आहे.

म्हणून हे जपा:

• जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं. लॅमिनेशन करण्याआधी स्कॅन काढा.
• संघ निवडीची यादी आणि अधिकृत निकालपत्रक.
• बातमीचं कात्रण, तारखेसकट. ते प्रमाणपत्राची जागा घेत नाही, पण तुमची कामगिरी लोकांच्या लक्षात ठेवतं.
• नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखीच आहे ना, हे वेळीच तपासा.

तुमच्या गावात राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेली एखादी ताई किंवा दादा आहे का? त्यांची प्रमाणपत्रं ट्रंकेत पडून असतील, तर आज त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या अर्जाला तेच लागतील.