रक्तद्रवाची विक्री आणि बंदी

रक्तातील निम्म्याहून अधिक भाग रक्तद्रवाचा म्हणजे प्लाझ्माचा असतो. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे रक्त गोठवणारे घटक त्यातूनच मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एडविन कोन यांनी हे घटक वेगळे करण्याची पद्धत शोधली आणि रक्तद्रव हा औषधनिर्मितीचा कच्चा माल झाला.

रक्तद्रव काढून घेतल्यावर तांबड्या पेशी दात्याच्या शरीरात परत सोडता येतात. संपूर्ण रक्त दिल्यावर काही महिने थांबावे लागते. रक्तद्रव मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा देता येतो. म्हणूनच गरजू माणसाला ते उत्पन्नाचे साधन वाटू लागले. अमेरिकेत आजही पैसे घेऊन आठवड्यातून दोनदा रक्तद्रव देता येतो.

मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभारली. तरीही भारतातील रक्तपेढ्या दीर्घकाळ धंदेवाईक रक्तदात्यांवर अवलंबून राहिल्या. पैशांची निकड असलेला माणूस आजार लपवतो, ही या व्यवस्थेतील मुख्य त्रुटी होती. रक्तद्रवाच्या बाबतीत धोका दुहेरी होता. पेशी परत सोडताना सुई, नळी किंवा द्रावण दूषित असेल, तर रक्तद्रव विकणाऱ्यालाच संसर्ग होई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातील धंदेवाईक रक्तद्रवदात्यांमध्ये एचआयव्हीचा उद्रेक आढळला. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. त्याच वर्षी देशात रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली.

परंतु चाचणीने विक्री थांबली नाही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा करावा, राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापावी आणि धंदेवाईक रक्तदान दोन वर्षांत बंद करावे, असे आदेश त्यात होते. त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून ही बंदी अमलात आली. तरी चोरटा व्यापार पूर्णपणे संपला नाही. २००८ मध्ये गोरखपूरला रक्तासाठी डांबून ठेवलेल्या मजुरांची पोलिसांनी सुटका केली.

बंदीमुळे देणाऱ्याचा मोबदला गेला, पण रक्तद्रवाचे मोल संपले नाही. रक्तपेढ्यांत उरलेला रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी देता यावा, म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये लिटरमागे १,६०० रुपये विनिमय मूल्य ठरवून दिले.