अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातील शिवछत्रपती

युरोपातील थोर कलासंग्रहालयांमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची गणना होते. त्याची सध्याची भव्य इमारत 1885 मध्ये खुली झाली. सरकारी कामानिमित्त हॉलंडला जाण्याचा योग आला, तेव्हा आम्हीही तेथील दालनांतून हिंडलो. रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ हे 1642 मधील चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच व साडेचार मीटर रुंद आहे. त्यापुढे प्रेक्षकांची सतत दाटी असते. परंतु मराठी मनाला ओढ लावणारे चित्र त्याच संग्रहालयात वेगळेच आहे. ते आहे श्रीशिवछत्रपतींचे.

निकोलास विटसेन हा अ‍ॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रसंग्रहात हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांची 49 चित्रे आहेत. संग्रहाचा काळ सुमारे 1686 चा मानतात. महाराजांचे निधन 1680 मधले. म्हणजे त्यांना पाहिलेली माणसे हयात असतानाच हे चित्र तयार झाले. त्याची शैली गोवळकोंड्याची आहे. 1677 मध्ये महाराज कुतुबशहाच्या भेटीस गोवळकोंड्यास गेले होते, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे. चित्रकाराने महाराजांना समोर बसवून ते रेखाटले, असा दावा मात्र कोणी करू नये. तेथील कारागीर युरोपीय व्यापाऱ्यांसाठी अशी चित्रे तयार करीत.

हे चित्र हॉलंडला पोहोचले यात नवल नाही. आपल्या वेंगुर्ल्यास डचांची वखार होती आणि मसुलीपट्टणचा त्यांचा व्यापार मोठा होता. मसाले व कापडाबरोबर चित्रेही जहाजांवर चढत. स्वतः रेम्ब्रांटने 1656 ते 1661 च्या सुमारास मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली होती. तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये हिंदी कलेविषयी जिज्ञासा होती, हे उघड आहे.

अशी कागदावरची चित्रे उजेडाने फिकी पडतात. म्हणून संग्रहालये ती बहुधा कोठडीत जपून ठेवतात आणि क्वचितच मांडतात. आम्हांसही दालनात ते दिसले नाही. सुदैवाने संग्रहालयाने आपल्या संग्रहातील लक्षावधी वस्तूंची छायाचित्रे आता संगणकावर सर्वांस खुली केली आहेत. दिल्लीत घरबसल्या ते टोकदार दाढीचे मुखमंडल पाहता येते.

आपल्याकडे मात्र या मुखाची ओळख पटण्यास बराच अवधी लागला. इब्राहिमखान नामक भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून पुस्तकांत छापले जात असे. 1933 मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच संग्रहाशी संबंधित चित्र पुढे आणले, आणि हा भ्रम दूर झाला. ज्या राजाचे नाव घरोघरी घेतले जाई, त्याचाच चेहरा आपण चुकीचा पूजीत होतो!

नाव आणि चेहरा यांची जोड कागदावर टिकवली नाही, तर थोरांचीही अशी गत होते. मग आपणा सामान्यांची काय कथा? पन्नास वर्षांत या मंडळाच्या गणेशोत्सवांची, नाटकांची कितीतरी छायाचित्रे निघाली असतील. घरोघरच्या पेट्यांतून ती काढावीत. प्रत्येकाच्या मागे नावे, स्थळ व साल लिहावे आणि ती मंडळाच्या स्वाधीन करावीत. ओळखणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत, तोवरच हे काम व्हावे, अशी आमची नम्र विनंती आहे.