सिग्मा मेसॉन : एका नावाचा लोप आणि पुनरागमन

१९५५ साली जॉन्सन आणि एडवर्ड टेलर यांनी अणुकेंद्रातील आकर्षणाचा उलगडा करण्यासाठी एक अदिश मेसॉन कल्पिला. अदिश म्हणजे ज्याला परिवलन नाही आणि आरशातील प्रतिबिंबात ज्याचे चिन्ह पालटत नाही असा. १९५७ मध्ये श्विंगर यांच्या लेखनात अशा क्षेत्रास ‘सिग्मा’ हे नाव आले; १९६० मध्ये गेल-मान व लेव्ही यांनी रचलेले प्रतिमान त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. नाव सिद्धान्तात रुजले. त्या नावाचा कण मात्र निर्विवादपणे सापडेना.

या विलंबास उपकरणांइतकीच ‘कण सापडला’ या शब्दप्रयोगाची रूढ व्याख्याही कारण होती. अल्पजीवी कणाची नेहमीची खूण म्हणजे प्रकीर्णनाच्या आलेखातील टोकदार उंचवटा. ब्राइट व विग्नर यांचे सूत्र त्यास लावले की वस्तुमान हाती येते. परंतु सिग्मा उत्पन्न होताक्षणीच दोन पायॉनांत विघटित होतो आणि त्याची ऊर्जारुंदी वस्तुमानाहूनही अधिक भरते. तेथे असा उंचवटा दिसणार कोठून? तरीही तेच सूत्र लावण्याचा हट्ट राहिला, आणि गणनेगणिक वस्तुमान निराळे येत गेले. १९७६ च्या कणसारणीतून सिग्मा वगळला गेला. १९९६ मध्ये तो परतला, पण ‘४०० ते १२०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट’ अशी मर्यादा घेऊन. एवढ्या ऐसपैस अंतरास वस्तुमान म्हणणे हा शब्दावरच अन्याय होता.

मार्ग निघाला तो १९७१ सालच्या एका समीकरणसंचातून. तो रचणारे एस. एम. रॉय यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ संशोधन केले. या समीकरणांत कोणत्याही विशिष्ट प्रतिमानाचा आश्रय नाही. कार्य कारणाआधी घडत नाही, सर्व संभाव्यतांची बेरीज एकच भरते, आणि एकाच फलनाने परस्परसंबद्ध प्रक्रियांचे वर्णन होते, एवढीच त्यांची गृहीते. कणाचा शोध येथे आलेखात न घेता संमिश्र संख्यांच्या प्रतलावर, फलनाच्या ध्रुवाच्या रूपाने घ्यावयाचा असतो. २००६ साली काप्रिनी, कोलांजेलो व लॉयटवायलर यांनी रॉय समीकरणे त्या ध्रुवापर्यंत ग्राह्य असल्याचे दाखवून वस्तुमान ४४१ आणि अर्धरुंदी २७२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट काढली. २०११ मध्ये पेलाएझ व त्यांचे सहकारी प्रयोगदत्त सामग्रीवरून स्वतंत्रपणे ४५७ आणि २७९ या जवळच्याच आकड्यांवर पोचले. २०१२ च्या सारणीत मर्यादा ४०० ते ५५० इतकी आकसली. तेथे नाव ‘एफ-शून्य (५००)’ असे पडले. बोलण्यात ‘सिग्मा’च टिकला.

अस्तित्व मान्य झाले, घटना मात्र वादग्रस्त आहे. एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क ही नेहमीची जोडी या कणास पुरेशी वाटत नाही; जॅफी यांनी १९७७ सालीच दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क सुचविले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जालक-गणनेत पायॉनाचे वस्तुमान कृत्रिमरीत्या वाढवून ३९१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट केले, तेव्हा सिग्मा दोन पायॉनांच्या एकत्रित वस्तुमानाखाली उतरून स्थिर बद्ध अवस्था झाला; २३६ वर तो पुन्हा रुंद व क्षणभंगुर दिसला.