श्वासनलिका-इजा, शस्त्रक्रियेतील

भुलीची नळी घालताना किंवा शस्त्रक्रिया चालू असताना श्वासनलिकेला पडलेली चीर. प्रौढाची श्वासनलिका सु. १०–१२ सेंमी. लांब असून तिच्या १६ ते २० कूर्चाकड्या मागे उघड्या असतात. तेथे नुसता पातळ पडदा असतो व त्याला टेकूनच अन्ननलिका जाते. नळीमुळे होणाऱ्या बहुतेक चिरा या पडद्यात, उभ्या पडतात.

अन्ननलिका काढताना, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत व गळ्यातून नळी बसवताना (ट्रेकिऑस्टॉमी) ही इजा होते. नळीचा फुगा (याला ‘कफ’ म्हणतात, खोकल्यातल्या कफाशी संबंध नाही) जास्त फुगवणे, आतल्या तारेचे टोक बाहेर राहणे हीही कारणे. फुग्यातील दाब पाण्याच्या २०–३० सेंमी.पर्यंत ठेवतात. स्त्रियांत प्रमाण अधिक आढळते. त्याची कारणे निरनिराळी सांगितली जातात.

खुणा : व्हेंटिलेटरने दिलेली हवा पुरती परत येत नाही, कार्बन डाय-ऑक्साइडचा आलेख बसतो, जखमेतल्या रक्तात बुडबुडे उठतात. मान फुगते व बोटाने दाबल्यास कातडीखाली चुरचुर लागते. कधी जखमेच्या तळाशी फुगाच दिसतो.

श्वसनमार्ग : गळणाऱ्या ऑक्सिजनमुळे आग लागू शकते, म्हणून डायथर्मी (विजेने कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे साधन) प्रथम थांबवावी. नायट्रस ऑक्साइड बंद करावा. शल्यचिकित्सकाने चिरेवर बोट किंवा ओली पट्टी दाबून धरली, की भूलतज्ज्ञाला थोडी उसंत मिळते. मग फुगा चिरेच्या पलीकडे न्यायचा. नळी ब्राँकोस्कोपवरूनच (श्वसनमार्गात पाहण्याची दुर्बीण) सरकवावी. आंधळेपणाने ढकलल्यास ती चिरेतूनच बाहेर पडते. चीर दुभाजकाजवळ (श्वासनलिका जेथे दोन श्वसनींत विभागते तेथे) असल्यास नळी एका श्वसनीत नेऊन एकाच फुफ्फुसावर श्वास चालवतात. डावी श्वसनी सु. ५ सेंमी. असल्याने तेथे नळी सुरक्षित बसते. उजवी आखूड असून तिकडे वरच्या खंडाचे तोंड बुजण्याची भीती असते. छाती उघडी असल्यास निर्जंतुक नळी जखमेतूनच थेट श्वसनीत घालता येते. छातीत हवा कोंडल्यास निचरा-नळी तातडीने बसवावी. काहीच न साधल्यास एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र).

दोन पोकळ्यांची दुहेरी नळी स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये आणली, ती मुळात दोन्ही फुफ्फुसांचे श्वसन वेगवेगळे मोजण्यासाठी. आज ती एकाच फुफ्फुसावर श्वास चालवताना उपयोगी पडते. मात्र जाड व ताठ असल्याने कित्येकदा चीर तिनेच पाडलेली असते.

दुरुस्ती : विरघळणारे टाके, वर स्नायूचा पदर. टाके कोणाला घालावेत यावर एकमत नाही. २ सेंमी. लांबीचा जुना दंडक आता काटेकोर पाळला जात नाही. कार्डिलो व सहकाऱ्यांची २०१० मधील प्रतवारी चिरेच्या खोलीवर आधारलेली आहे. रुग्ण आपला आपण श्वास घेत असेल व स्थिर असेल, तर टाक्यांवाचूनही चीर भरते.

नंतर : टाक्यांवर दाब येऊ नये म्हणून नळी शक्य तितक्या लवकर काढतात. जोराचा खोकला टाळावा.

मुलांत : लहान वयात दुहेरी नळी मावत नाही, एकेरीच श्वसनीत नेतात.