अज्ञानाचा वाद : अमळनेर, पुणे आणि मराठवाडा

‘मला हे ठाऊक नाही’ या साध्या वाक्यात ज्ञानमीमांसेतला एक जुना पेच दडला आहे. काय ठाऊक नाही हे सांगता आले, तर ते थोडेफार ठाऊक आहेच. सांगता आले नाही, तर वाक्यच पोकळ ठरते. नैयायिकांनी अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, असा सरळ निकाल दिला. शांकर अद्वैताने ते भावरूप मानले : वस्तूला झाकणारे आणि साक्षीला थेट जाणवणारे. मराठीत हा वाद तेराव्या शतकातच उतरला. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, त्या ग्रंथातले सर्वांत मोठे, अज्ञानाच्या खंडनासाठीच आहे. ज्ञानेश्वरांचा आक्षेप थोडक्यात असा, की अज्ञानाने जाणत्याला खरोखरच झाकले असेल, तर अज्ञान आहे हे सांगायला उरतो कोण?

याच प्रश्नावर विसाव्या शतकात खानदेशातल्या एका गिरणीच्या गावात वर्षानुवर्षे खल झाला. अमळनेरचे गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद उर्फ प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. परीक्षा नाही, पदवी नाही. निवडलेल्या अभ्यासकांनी विद्यावेतनावर राहायचे, वाचायचे आणि एकमेकांशी वाद घालायचा, अशी ही व्यवस्था होती. दीर्घकाळ संस्थेची धुरा वाहणारे घ. र. मलकानी सिंधी होते. रासविहारी दास बंगालचे, तर टी. आर. व्ही. मूर्ती दक्षिणेकडचे. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य 1930 च्या दशकात काही काळ संचालक होते. ज्ञाता आणि स्वातंत्र्य यांच्या नात्यावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ 1930 मध्ये अमळनेरहूनच निघाला होता.

मलकानी, दास आणि मूर्ती यांचे ‘अज्ञान’ हे इंग्रजी पुस्तक 1933 मध्ये लंडनच्या ल्यूझॅक कंपनीने काढले. तिघांनी एकच विषय आपापल्या परीने मांडला. तिघे एका छपराखाली बसत असूनही त्यांच्यात एकवाक्यता झाली नाही, आणि पुस्तकाने तसा आवही आणला नाही. भारतीय विद्यापीठांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची टिपणे घोकली जात होती त्या काळात जिवंत मतभेद तसाच छापणे, ही अमळनेरची खरी कमाई म्हणावी लागेल. संस्थेचे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक देशभरातल्या प्राध्यापकांच्या वादांचे व्यासपीठ झाले. मूर्तींचा माध्यमिक बौद्ध दर्शनावरचा 1955 चा ग्रंथ पुढे जगभर वाचला गेला.

उणीव होती ती भाषेची. बाहेर बाजारात मराठी आणि अहिराणी बोलली जाई, आत सगळी चर्चा इंग्रजीत चाले. ज्ञानेश्वरांनी ज्यावर ओव्या रचल्या, तो विषय त्यांच्याच मुलखात मराठी वाचकाला बंद झाला. 1923 मध्ये या मंदिरात शिकायला आलेले साने गुरुजी पुढच्याच वर्षी अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. मराठीच्या दृष्टीने तो सौदा फायद्याचाच ठरला.

मराठवाड्यातली तऱ्हा वेगळी होती. मुखेड, देगलूर, उदगीर हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुखेडच्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर वाट हैदराबादची, आणि तेथे 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. त्यासाठी 1917 मध्येच भाषांतर विभाग उघडला होता; तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले. देशी भाषेत उच्च पातळीवर तत्त्वज्ञान शिकवता येते, हे अमळनेरने नव्हे, हैदराबादने दाखवले. मात्र मराठी मुलाच्या दृष्टीने तीही परभाषाच होती. ‘इल्म’ आणि ‘यकीन’ यांतला भेद त्याला वर्गात कळे. ‘प्रमा’ आणि ‘निश्चय’ हे शब्द कानावर पडलेच तर कीर्तनात किंवा घरच्या पोथीत. नांदेडला पीपल्स कॉलेज 1950 मध्ये निघाले, औरंगाबादला विद्यापीठ 1958 मध्ये झाले. हैदराबादेत शिकलेले नरहर कुरुंदकर याच पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. ते ज्ञानमीमांसेचे अभ्यासक नव्हेत, पण पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडून मग तो खोडायचा, ही वादाची जुनी रीत नांदेडच्या व्याख्यानांतून त्यांनी सामान्य श्रोत्यापर्यंत नेली.

मराठीत परिभाषा घडवण्याचे मोठे काम दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या तीन खंडी ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’ने केले. अमळनेरचे त्रैमासिक मध्यंतरी बंद पडले होते. 1973 मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाकडून ते ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नावाने पुन्हा निघू लागले. सुरेंद्र बारलिंगे यांचा त्यात मोठा वाटा होता. 1979 पासून ‘परामर्श’ हे मराठी त्रैमासिकही आले. ‘परामर्श’ हा न्यायशास्त्रातला शब्द : डोंगरावर धूर आहे आणि तो अग्नीशिवाय नसतो, ही दोन्ही ज्ञाने एकत्र येऊन अनुमितीला उंबरठ्याशी आणतात, ती पायरी. नियतकालिकाला इतके नेमके नाव क्वचितच मिळते.

सर्वांत धाडसी प्रयोग 1983 मध्ये पुण्यात झाला. दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक पंडित आणि इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. बर्ट्रंड रसेलची विधानविषयक मते संस्कृतात मांडून नैयायिकांपुढे ठेवण्यात आली. अडचण सुरुवातीलाच होती, कारण न्यायात बोलणाऱ्यापासून सुटे, खरे किंवा खोटे असे ‘विधान’ नसते. असते ते कोणाला तरी झालेले ज्ञान, त्याचे विशेष्य (ज्याविषयी ते ज्ञान असते) आणि त्याचा प्रकार (ज्या रूपाने ते होते). ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्याला रसेलचा अभ्यासक खोटे ठरवील; नैयायिक म्हणेल की पदांत योग्यताच, म्हणजे अर्थांचा मेळच, नाही, तेव्हा शाब्दबोध, म्हणजे वाक्यातून होणारे ज्ञान, होतच नाही, मग खरे-खोटे कशाचे? या चर्चांचा ‘संवाद’ हा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. रेगे ‘नवभारत’ मासिकाचे संपादक होते आणि त्यांचे बरेचसे तत्त्वचिंतन मराठीत आहे; पुण्याचा वाद मात्र संस्कृत आणि इंग्रजी या दोनच भाषांत झाला.

नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ 1994 मध्ये स्थापन झाले आणि मुखेड त्याच्या कक्षेत आले. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर, गिरणीचे वैभव सरल्यावरही, जागेवर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावात भरले.