मानसिक आरोग्याचा कायदा आणि आपले म्हणणे : निवेदन कुठे व कसे द्यावे?

बिरसीचे नाव निघाले की लोकांना विमानतळ आठवतो. पण याच गावात कुणाला मानसिक आजार झाला, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो : न्यायचे कुठे? शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे नागपूर, तेही गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. भाडे, बुडालेली मजुरी आणि 'लोक काय म्हणतील' यात उपचार लांबत जातो. मग मांत्रिकाचे दार जवळचे वाटू लागते.

हे बदलायचे तर कायदा माहीत हवा आणि तो घडताना आपले म्हणणे नोंदवता आले पाहिजे.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील कामाची कलमे अशी :

- कलम २ : दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही आजाराच्या व्याख्येत येतात.
- कलम ३ : राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जावरून, किंवा एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटात असल्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.
- कलम १८ : परवडणारी, दर्जेदार, जवळची सेवा हा हक्क आहे. त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शासकीय संस्थेत उपचार मोफत आहेत, कार्ड असो वा नसो. ठरलेल्या किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या सेवेतील उपचाराचा खर्च सरकारने करायचा आहे.
- कलम ९५ : रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई.
- कलम ११५ : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरायचे. तिला काळजी, उपचार व पुनर्वसन देणे सरकारचे कर्तव्य आहे.

आपल्या खुर्च्या कायद्यातच आहेत

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन, काळजी घेणाऱ्यांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी असावेत, असे कलम ४६ सांगते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळातही अशा दोन सदस्यांची तरतूद आहे. या जागांवर कोण आहे, त्यांत ग्रामीण, दलित, आदिवासी भागातील किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आपल्या कार्यकर्त्यांनी या जागांसाठी अर्जही करायला हवेत.

मसुदा निघतो तेव्हा

पूर्वप्रसिद्धीची अट असलेल्या नियमांचा मसुदा राजपत्रात येतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार केंद्रीय कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. राज्यात विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले, तर तिथेही सूचना देता येतात. जनसुरक्षा विधेयकावर अशा १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती गेल्या. त्यांतील किती मान्य झाल्या हा वेगळा वाद आहे, पण आक्षेप नोंदीवर राहिले. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) सांगते, की लोकांवर परिणाम करणारे धोरण ठरवताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध केली पाहिजेत. शासन गप्प असेल तर याच कलमाचा आधार घ्यावा.

चिकाटीचे उदाहरण जादूटोणाविरोधी कायद्याचे. अनेक वर्षे पाठपुरावा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. मानसिक आजारी माणसासाठी हे कलम २०१७ च्या कायद्याइतकेच मोलाचे आहे.

निवेदन कसे लिहावे?

१. कोणत्या मसुद्यावर, कोणत्या कलमावर, हे पहिल्याच ओळीत लिहा.
२. गावातला अनुभव लिहा : अंतर, खर्च, न मिळालेले औषध. रुग्णाचे नाव किंवा ओळख उघड करू नका, गोपनीयता हा त्याचा हक्क आहे.
३. 'सेवा सुधारा' एवढ्यावर थांबू नका. कोणता शब्द वगळावा, कोणते वाक्य घालावे, ते लिहून द्या.
४. ग्रामसभेचा ठराव जोडा. विषय आधी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मांडा.
५. मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन ठेवले. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात ते कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. निवेदन ही आपल्या चळवळीची जुनी वाट आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत मानसिक आरोग्य हा एक विषय घाला, सुरुवात तिथून होईल.

जय भीम.