अनुताई पन्नाशीनंतर पदवीधर झाल्या

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत पेच पडला. गटातल्या अंगणवाडी सेविकेने बी.ए.च्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. आमच्या कर्जाच्या वहीत शेळ्या, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न, सगळी कारणं होती. शिक्षण कधीच नव्हतं. "चाळिशी उलटली, आता कॉलेज कशाला?" असं आम्हीच म्हणालो. तिने विचारलं, "अनुताई वाघ कोणत्या वयात पदवीधर झाल्या, माहीत आहे?" आम्हाला माहीत नव्हतं. मग शोधून वाचलं. तेच आज सांगतो.

अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत १९३७ साली मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई त्यांच्या सोबतीला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं दोघींनी ठरवलं. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं.

१९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पाड्यांतली मुलं खडे, बिया, पानं घेऊन शिकत. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा होती. एवढा व्याप सांभाळून अनुताईंनी अभ्यास केला आणि १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, पदवी घेतली.

पदवी मिळाली म्हणून त्या पाडे सोडून शहरात गेल्या नाहीत. १९७३ साली ताराबाई गेल्या, तरी कोसबादचं काम त्यांनी पुढे चालवलं. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्यांचं निधन झालं.

हे वाचल्यावर आम्हाला आमचीच लाज वाटली. गावाच्या लेकरांना शिकवणारीने स्वतः मात्र शिकू नये, हा कुठला न्याय? पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं. परीक्षेच्या दिवसांत तिच्या घरची भाकरी थापायला दोघी तयार झाल्या. वहीत कारणाच्या रकान्यात आम्ही पहिल्यांदा लिहिलं: शिक्षण.

तुमच्या गटाची वहीही एकदा उघडून बघा.